तांब्याचं कडं

१

सर गेले ते खुर्चीत बसल्याबसल्याच. रायफल क्लबच्या ऑफिसची मागची खिडकी उघडी होती, बाहेर दिवेलागणीची वेळ होती, आणि ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाच्या पाठीमागे वाईट शब्द काढला नाही, त्याला गोळी मात्र पाठीमागूनच लागली. रविवारी सकाळी झाडूवाली आली. टेबलावर टेकलेलं डोकं बघून तिला वाटलं, काम करताकरता सरांना डुलकी लागली असेल. बिचारीनं आवाज न करता अर्धी खोली झाडून काढली आणि मग केराला रक्त लागलं.

दुपारी फौजदार आत्याच्या दारात उभा होता.

आत्या ही खरं तर एकाच पोरीची आत्या, पण गल्लीतला लहानथोर तिला आत्याच म्हणायचा. नळांच्या कारखान्यात मुलामा चढवण्याच्या विभागाची प्रमुख म्हणून ती निवृत्त झाली होती. जीभ तेवढी अजून निवृत्त व्हायची होती. तिची भाची नेमबाजी शिकायला म्हणून आईवडिलांना सोडून तिच्याकडे राहत होती. फौजदार खालच्या मजल्यावरचा, आत्याच्या डोळ्यांदेखत मिसरूड फुटलेला.

"बसत नाही," तो म्हणाला. "शेजारी म्हणून आलोय. उद्या सकाळी फौजदार म्हणून येईन, तेव्हा तिला घेऊन जाईन."

"कशावरून?"

त्यानं सांगितलं. गोळी सरांच्या मानेतून आरपार जाऊन दगडी भिंतीवर आपटली होती. तिचा असा चेंदामेंदा झाला होता की कुठल्या रायफलीतून सुटली ते तिच्या अंगावरून कळणं शक्य नव्हतं. पण ती मोठ्या रायफलीची होती एवढं नक्की, आणि तसल्या रायफली क्लबात चारच. चार लोखंडी कपाटं, चार रायफली. एक भाचीची, एक कॅप्टनची, एक डॉक्टरांच्या मुलीची आणि एक क्लबची. बाकी तीन रायफलींच्या नळ्या तेल लावून शांत पडलेल्या. भाचीच्या नळीला मात्र ताज्या दारूचा वास आणि आत काजळी.

"शनिवारी सकाळी सराव केला तिनं. रागात होती, साफ न करताच ठेवून दिली," आत्या म्हणाली.

"राग कसला, तेही सगळ्या क्लबनं ऐकलंय. संघाचा फलक लागला, तिचं नाव गाळून डॉक्टरांच्या मुलीचं आलं. ही सरांना म्हणाली, बघून घेईन. वर संघाच्या चाचणीनंतर तिच्या कपाटाला तिनं स्वतःचं कुलूप घातलंय, त्यामुळे दुसरं कुणी तिची रायफल काढू शकत नाही." फौजदारानं टोपी हातात फिरवली. "ती म्हणते, चारला घरी आले आणि झोपले. तुम्ही घरात होतात. खरं ना?"

आत्यानं क्षणभर स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"खरं," ती म्हणाली.

ते खरं नव्हतं. शनिवारी आत्या गॅलरीत कपडे काढत होती. भाची फाटकातून आत आली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागून बराच वेळ झाला होता, आणि तिचे बूट चिखलानं भरलेले होते.

२

माणसाला संशय आला की तो चारचौघांना बोलून दाखवतो. घरच्याच माणसाचा आला तर कुणाला दाखवणार? आत्यानं भाचीला काही विचारलं नाही. पदर खोचला आणि फौजदाराच्या गाडीत जाऊन बसली.

"मला त्या नळ्या बघू दे."

"आत्या, हे काय नळाचं दुकान आहे?"

"नळ काय, नळी काय, आतून धातूच. लवकर चल."

क्लबच्या तळघरात मिस्त्रीचं वर्कशॉप होतं. मिस्त्री म्हणजे क्लबच्या सगळ्या रायफली राखणारा, तिरसट, कुणाचं ऐकून न घेणारा माणूस. सकाळपासून त्याची तीनदा उलटतपासणी झाली होती, त्यामुळे तो कावलेला होता. आत्यानं त्याला काही न विचारता माळ्यावरच्या एका विचित्र वस्तूकडे बोट दाखवलं. एक लांब पोलादी सळई, दोन वायरी, मोबाइलचा जुना चार्जर, एक बाटली आणि खाली बादली.

"हे काय?"

"अंघोळ," मिस्त्री म्हणाला.

"कुणाची?"

"रायफलीची. सगळे चेष्टेनं अंघोळ म्हणतात." आणि मग तिरसटपणा विसरून तो सांगायला लागला, कारण वस्तू त्यानं स्वतः बनवली होती. मोठ्या रायफलीच्या गोळीला तांब्याचं कवच असतं. गोळी नळीतून सुटताना तांबं आत घासून राहतं, थरावर थर बसतो. त्याला हे लोक किटण म्हणत. ब्रश मारून हात दुखतात पण ते पुरतं निघत नाही. म्हणून यानं घरच्या घरी ही युक्ती केलेली. रायफल तोंडावर उभी करायची, तोंडाला बूच मारायचं, नळीत औषधी पाणी भरायचं, मधोमध न टेकवता सळई सोडायची. एक वायर नळीला, एक सळईला. मंद वीज सोडली की काही तासांत नळीचं तांबं उठून सळईवर जाऊन बसतं.

आत्याचे डोळे चमकले. "म्हणजे मुलामा. उलट्या बाजूनं."

"मुलामाच की. फक्त बूच वैताग देतं. कॉर्क कितीही ठोका, थेंबथेंब गळतंच. नळीत खाचा असतात ना, गोळीला पीळ द्यायच्या. त्यातून पाणी वाट काढतं. म्हणून बादली."

"माळ्यावर का टाकलंस?"

"सरांनी बंद केली. संघाची चाचणी झाली ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. कारण विचारलं तर म्हणाले, कारण मीच शोधतोय." मिस्त्रीनं वायरींकडे बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "थांबा. मी वायरी अशा व्यवस्थित गुंडाळून ठेवत नाही. मी कोंबतो. ह्याला हात लावलाय कुणीतरी."

"ब्रश कुठे असतात?"

"माझ्या कपाटात. किल्ली माझ्या कमरेला, आणि शनिवारी मी दुपारीच घरी गेलो."

वर फौजदारानं कपाटं उघडली. हात लावायचा नाही या अटीवर त्यानं एकेक नळी खिडकीकडे धरली आणि तोंडाशी टॉर्च लावला. भाचीच्या नळीत काजळी, त्याखाली तांबूस झाक. क्लबच्या रायफलीत काजळी नाही, पण तांबूस झाक होतीच. डॉक्टरांच्या मुलीच्या नळीतही तीच. आत्या प्रत्येक नळीत एक डोळा मिटून बघत होती आणि मागे उभा मिस्त्री, सामन्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात सगळे असंच ठेवतात, असं पुटपुटत होता.

चौथ्या नळीशी ती थांबली. "टॉर्च हलवू नकोस."

नळीच्या अगदी तोंडाशी बोटभर रुंदीचं तांबूस कडं होतं. त्याच्या आत, जिथवर नजर जात होती तिथवर, पोलाद नव्या ताटासारखं पांढरंफेक.

"बूच बसलं तिथे वीज पोचली नाही," ती म्हणाली. "तेवढंच तांबं राहिलं. बाकी नळीला कुणीतरी अंघोळ घातलीय. आणि अंघोळ घालतात ती काहीतरी धुवायचं असतं म्हणूनच. कुणाची आहे ही?"

"कॅप्टनची," मिस्त्री म्हणाला.

३

कॅप्टन म्हणजे क्लबचे जुने विजेते. केस पांढरे झाले, नजर अधू होत चालली, तरी शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. घरात नातवंडांचा धुडगूस चालला होता आणि हे मधोमध ताठ बसलेले.

"काल संध्याकाळी कुठे होतात?" फौजदारानं विचारलं.

"नातीच्या शाळेच्या संमेलनात. प्रमुख पाहुणा. तीनशे पालकांच्या देखत व्यासपीठावर बसून जांभया दाबत होतो. विचारा कुणालाही."

"तुमच्या रायफलीला अंघोळ घातलीय," आत्या म्हणाली.

कॅप्टन ताडकन उठले. "माझ्या? सामन्याच्या आठवड्यात? कोण तो गाढव?"

"का, स्वच्छ झाली तर बिघडलं काय?"

"बाई, तुम्ही नवी चप्पल घालून लगेच मैलभर चालता का? नळी पार निर्मळ केली की पहिल्या गोळ्या भरकटतात. आत थोडं तांबं बसल्याशिवाय ती सरळ मारत नाही. म्हणून सामन्याच्या तोंडावर कुठलाही नेमबाज तिला खरवडत नाही. हे मी चहाच्या वेळी सगळ्या क्लबला ओरडून सांगितलंय. ऐकून ऐकून पोरं कंटाळली." ते खाली बसले. "आधीच ती रायफल एकदा माझ्या हातून जिन्यावर पडली आहे. तोंडाला बारीक चरा गेलाय. तरी पोटच्या पोरासारखी जपतो तिला."

आत्याला भाचीची चाचणी आठवली. पहिल्या गोळ्या कुठल्या कुठे गेल्या होत्या. घरी येऊन पोरीनं उशीत तोंड खुपसलं होतं, आणि आत्यानंच तिला सुनावलं होतं की लक्ष नव्हतं तुझं.

"सर चाचणीबद्दल काही बोलले होते?"

कॅप्टन घुटमळले. "काल दुपारी फोन आला होता. म्हणाले, फलक गुणांप्रमाणे लावावा लागला, पण सोमवारी मी तो बदलणार. पोरीची चूक नव्हती, नळीची होती. कुणी केलं तेही कळलंय. पण माणूस आपलाच आहे, त्याला स्वतःहून बोलायची एक संधी देतो."

"नाव?"

"नाव सांगितलं असतं तर ते सर कसले!"

फौजदार वही मिटत म्हणाला, "तुमच्या कपाटाची दुसरी किल्ली?"

"सगळ्या कपाटांच्या दुसऱ्या किल्ल्यांचे जुडगे दोघांकडे. एक सेक्रेटरी म्हणून डॉक्टरांकडे, दुसरा मिस्त्रीकडे. आणि अंघोळ कुणी बनवली, ते मी तुम्हाला सांगायला नको."

दोघं जिना उतरले. गाडीशी आल्यावर फौजदार म्हणाला, "आत्या, राग मानू नका. मिस्त्रीकडून अंघोळ घालायला कोण शिकलं होतं, ठाऊक आहे? तुमची भाची. महिनाभर त्याच्या मागेमागे होती. किल्ली उचलायला वेळ लागतो काय? दुसऱ्याची रायफल वापरायची आणि धुऊन ठेवायची."

हाच विचार आत्याच्या डोक्यात त्याच्या आधीच येऊन बसला होता. पोरीला सोडवायला म्हणून निघाली आणि पोरीभोवतीच फास आवळत चालली होती.

४

ती परत तळघरात गेली. मिस्त्री तिची वाटच बघत असल्यासारखा उभा होता.

"माझ्यावर आलं ना?"

"आलं."

"बाई, मी केलं असतं तर टोकाला कडं राखलं असतं? अंघोळ झाल्यावर दोन्ही टोकं मी हातानं घासतो. तुमच्या पोरीलाही पहिल्या दिवशी तेच शिकवलं. अर्धवट काम बघवत नाही मला."

"शिकवलं, पण घाईत विसरली असेल," आत्या म्हणाली, आणि आपण हे कुणाच्या विरुद्ध बोलतोय ते लक्षात येऊन तिचा चेहरा उतरला.

मिस्त्रीनं भंगारातून नळीचा एक जुना तुकडा काढला. कॉर्क ठोकून मागे कधीतरी अंघोळ घालून बघितलेला, टोकं घासायची राहिलेला. "हे बघा कॉर्कचं कडं."

आत्यानं तुकडा उजेडात धरला. आणि एकदम खुर्ची ओढून बसली.

इथेही तोंडाशी तांबं होतं, पण कडं नव्हतं. उंचवट्यावर तांबं, खाचेत पांढरं पोलाद, पुन्हा उंचवट्यावर तांबं. कंगव्याच्या दातांसारखं तुटक. सरळच होतं. कॉर्क उंचवट्यांना दाबून बसतो, खाचांत शिरत नाही. खाचांतून पाणी गळतं आणि पाणी जाईल तिथे वीज जाते, वीज जाईल तिथलं तांबं निघतं.

"कॅप्टनच्या नळीत कडं अखंड होतं," ती म्हणाली. "खाचांच्या तळापर्यंत अखंड. म्हणजे बूच कॉर्कचं नव्हतं."

"रबराचं असेल," फौजदार म्हणाला.

"रबरही खाचेच्या कोपऱ्यात शिरत नाही," मिस्त्री म्हणाला. "सगळं करून बघितलंय मी. कापूस, चिंधी, रबर. सगळं गळतं."

"मेण?" फौजदारानं विचारलं.

"मेण शिरतं," आत्या म्हणाली. "आम्ही कारखान्यात नळाचा जो भाग कोरा ठेवायचा त्याला मेणच लावायचो. पण काढताना त्याचे तुकडे पडतात, कानाकोपऱ्यात अडकतं, कड फाटते. त्या नळीत मेणाचा कण नव्हता आणि कड सुरीनं कापल्यासारखी होती." ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलत होती. "आत जाताना लोण्यासारखं मऊ हवं. मिनिटात घट्ट व्हायला हवं. आणि ओढलं की तुकडा न पडता अख्खं बाहेर यायला हवं. असं काय असतं?"

आत्या जिभेनं दाढ चाचपत बसली. विचार करताना ती हल्ली असं करायची, मागच्या महिन्यात दाढेवर नवी टोपी बसवल्यापासून. जीभ टोपीवर आली आणि तिथेच थांबली.

"मला दात दाखवायला जायचंय," ती उठत म्हणाली. "आत्ता."

५

डॉक्टरांचा दवाखाना त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावरच होता. रविवार असूनही त्यांनी आत्याला आत घेतलं. दाताचे डॉक्टर, क्लबचे सेक्रेटरी, अंगावर डाग नाही, टेबलावर धूळ नाही. स्वतः कधी रायफल हातात धरत नसत. आवाज झाला की कानात बोटं घालायचे आणि पोरं हसायची.

"टोपी हलतेय," आत्या खोटं बोलली. "नीट माप घ्या एकदा."

"अशा दिवशी तुम्हाला टोपीचं सुचतंय?" त्यांचे डोळे लाल होते. "सर गेले. माझा तर हात चालत नाही."

हात मात्र झकास चालत होता. त्यांनी गुलाबी लगदा कालवला, साच्यात भरला आणि आत्याच्या तोंडात दाबून बसवला. "मिटू नका. घट्ट होऊ दे."

आत्याच्या तोंडात गोळा, मान मागे टेकलेली, आणि डॉक्टर तिच्या डोक्यामागे उभे. बोलायची सोय नाही. डॉक्टरांना मात्र बोलायचं होतं.

"पोरीचं वाईट वाटतं. वकील चांगला बघा. रागाच्या भरात होतं माणसाच्या हातून." पावलं तिच्या खुर्चीभोवती फिरत होती. "आज क्लबात गेला होतात म्हणे. नळ्या बघितल्यात?"

आत्यानं "ऊं" केलं.

"काय दिसलं त्यात?"

तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच जीभ बांधलेली असल्याचा तिला फायदा होत होता. तिनं खांदे उडवले. डॉक्टर तिच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग त्यांनी साचा हलवून ओढला. लगदा अख्खाच्या अख्खा निघाला, दाताच्या प्रत्येक फटीची खूण घेऊन, कड सुरीनं कापल्यासारखी.

"टोपी ठीक आहे," ते म्हणाले आणि साच्यातला गुलाबी जबडा काढून कोपऱ्यातल्या पिवळ्या पिशवीत टाकला. पिशवी असल्याच जबड्यांनी गच्च भरली होती.

"एवढे सगळे कुठे जातात हो?"

"दवाखान्याचा कचरा वेगळा. मंगळवारी गाडी येते. तोवर पडून." त्यांनी हात धुतले. "कोण बघतंय त्यात!"

आत्या दार लोटून रस्त्यावर आली. कोपऱ्यावर फौजदाराची गाडी होती. खिडकीच्या काचेवर टकटक करून ती म्हणाली, "त्या घरातली पिवळी पिशवी मंगळवारच्या आधी हलता कामा नये. तिच्यात एक जबडा असा निघेल, की त्याला दातच नसतील."

६

सोमवारी सकाळी क्लबच्या हॉलमध्ये टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. एका बाजूला कॅप्टन, मिस्त्री, भाची आणि डॉक्टरांची मुलगी. दुसऱ्या बाजूला डॉक्टर, इस्त्रीच्या शर्टात. मधोमध बोटभर लांबीचा एक गुलाबी खुंट.

"हे पिशवीत सापडलं," फौजदार म्हणाला. "आत्या, तुम्हीच सांगा."

"हा कुणाचाच दात नाही," आत्या म्हणाली. "ह्याच्या अंगावर तिरक्या धारा बघा. नळीत जिथे खाच, तिथे ह्याला धार. आणि ह्या कडेला बारीक रेघ."

कॅप्टन पुढे वाकले. फौजदारानं त्यांची रायफल आणवली होती. तोंडावरचा चरा आणि खुंटावरची रेघ एकमेकांत चपखल बसली. कॅप्टन डॉक्टरांकडे बघत राहिले.

"पहिली अंघोळ चाचणीच्या आधी भाचीच्या रायफलीला," आत्या सांगत होती. "कॅप्टननी चहाच्या वेळी फुकट ज्ञान वाटलं, ते एकानं कामाला लावलं. पोरीच्या पहिल्या गोळ्या भरकटल्या आणि संघात दुसरी आली. सरांना संशय आला म्हणून त्यांनी अंघोळ बंद केली. शनिवारी त्यांना माणूस सापडला. त्यांनी त्याला संधी दिली आणि त्यानं संधी साधली. पोरीच्या कपाटाला चाचणीनंतर तिनं स्वतःचं कुलूप घातलेलं, म्हणून हातात आली कॅप्टनची रायफल. उघड्या खिडकीतून चार हातांवरून मारायला नेमबाज असावं लागत नाही. ती वापरलेली दिसली असती तर प्रश्न किल्ल्यांवर आला असता. ब्रश कुलपात. मग जी एकच पद्धत त्याला जमत होती तीच केली. नेमबाज असता तर सामन्याच्या आठवड्यात नळी इतकी निर्मळ केली नसती. मिस्त्री असता तर टोकं घासली असती. पण ह्याला गळकं बूच सहन होत नव्हतं. ज्यानं आयुष्यभर दातांच्या फटी बुजवल्या, त्याला थेंब गळलेला कसा चालेल?"

"हे सगळे तर्क आहेत," डॉक्टर म्हणाले. पण त्यांचं लक्ष आत्याकडे नव्हतं. ते मुलीकडे बघत होते.

मुलगी पांढरीफटक पडली होती. शनिवारी ती आजोळी होती, सकाळी परत येऊन तिनं सरांच्या फोटोसमोर फुलं ठेवली होती. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही तिची रायफल धुतलीत?"

"तुझी एवढ्या वर्षांची मेहनत..."

"मी हरले असते. ती माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मला ठाऊक होतं. मला चाललं असतं, बाबा."

डॉक्टर खुर्चीत बसून अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर मला म्हणाले, सोमवारी सगळ्यांसमोर तुम्हीच सांगा. हिच्यासमोर. मी त्यांना म्हटलं, दुसरं काहीही करायला सांगा." त्यांनी चेहरा ओंजळीत लपवला आणि फौजदारानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर भाचीनं कपाटावरची बॅग खाली काढली आणि कपडे भरायला लागली. आत्या दारात उभी राहून बघत होती. वास्तविक तिला हायसं वाटायला हवं होतं.

"आईकडे जाते थोडे दिवस," भाची म्हणाली.

"जा. सामना?"

"पुढे ढकललाय." तिनं एक सदरा घडी घातला, मोडला, परत घातला. "आत्या, शनिवारी मी अंधार पडल्यावर आले ते तू गॅलरीतून बघितलंस. आणि फौजदाराला सांगितलंस की मी घरात होते."

"हो."

"पण मला एकदाही विचारलं नाहीस, कुठे होतीस म्हणून."

"भीती वाटली."

"कशाची?"

आत्याची जीभ ऐनवेळी कधी अडखळत नसे. आज अडखळली. "तू खरं सांगशील याची," ती म्हणाली.

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

"नदीपलीकडच्या क्लबात गेले होते," ती म्हणाली. "मला घेता का विचारायला. बंद होता. फाटकाशी चिखलात उभी राहिले आणि परत आले. सर इथे मरत होते आणि मी त्यांना सोडून जायला निघाले होते. हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? पण तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तुला."

आत्या पुढे झाली. पोरीला जवळ घ्यावं असं तिला फार वाटलं, पण तो हक्क आज आपल्याकडे नाही हेही तिला कळत होतं. तिनं पलंगावरचा राहिलेला सदरा उचलला, घडी घातली आणि बॅगेत ठेवला.

"परत येशील ना?"

भाचीनं बॅगेची चेन ओढली. दारापर्यंत गेली, चपला घातल्या, आणि तिथून मागे वळून बघितलं.

"विचारलंस हे बरं केलंस," ती म्हणाली. "येईन."